नेटवर्क कोडमधून चालू-बंद: नेटअ‍ॅडॅप्टर मॉड्यूल वापरावं की नेटशवर भागवावं?

नेटवर्क कार्ड स्क्रिप्टमधून बंद करायचं आणि काम झालं की परत चालू करायचं, एवढ्यासाठी विंडोजवर काही विकत घ्यावं लागत नाही. अडचण उलटीच आहे. एकाच कामाला चार-पाच हत्यारं आहेत, प्रत्येकाची खोड वेगळी, आणि शोधल्यावर हाती लागणारा नमुना बहुतेक वेळा सगळ्यात जुन्या हत्याराचा असतो. हे परीक्षण मुख्यतः पॉवरशेलच्या, म्हणजे विंडोजच्या स्क्रिप्टभाषेच्या, नेटअ‍ॅडॅप्टर मॉड्यूलचं आहे. नेटश ही जुनी कमांड आणि बाकीची मंडळी तुलनेपुरती. निकाल आधीच सांगतो: विंडोज ८ किंवा सर्व्हर २०१२ पासून पुढचं काहीही असेल तर हेच वापरा. फक्त जसं मिळतं तसंच चालवलं तर एखाद्या दिवशी तोंडघशी पाडेल.

त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यायला हवी, ती म्हणजे ‘बंद’ नक्की काय करायचंय. विंडोजमध्ये बंद करण्याचे तीन थर आहेत. सगळ्यात वरचं म्हणजे नुसतं वाय-फायचं कनेक्शन तोडणं. कार्ड जागंच राहतं. दुसरा थर रेडिओचा. टास्कबारच्या कोपऱ्यातलं वाय-फायचं बटण दाबल्यावर होतं ते हेच. तिसरा म्हणजे आख्खं अ‍ॅडॅप्टर डिसेबल करणं. यात डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर खालच्या दिशेचा बाण येतो, स्थितीत कोड २२ दिसतो आणि मशीन रीस्टार्ट केलं तरी कार्ड बंदच राहतं. लॅपटॉपचं वाय-फाय तासभर बंद ठेवायला तिसऱ्या थरापर्यंत उतरायची गरज नसते. पण लोक तिथूनच सुरुवात करतात, आणि मग वापरणाऱ्याला कोपऱ्यात वाय-फायचं बटणच सापडत नाही म्हणून फोन येतात.

आता मॉड्यूल. गेट-नेटअ‍ॅडॅप्टर यादी देतं, डिसेबल-नेटअ‍ॅडॅप्टर बंद करतं, एनेबल-नेटअ‍ॅडॅप्टर चालू करतं आणि रीस्टार्ट-नेटअ‍ॅडॅप्टर दोन्ही एका दमात करतं. यादी पाहायला अ‍ॅडमिनचे हक्क लागत नाहीत, बाकी तिन्हींना लागतात. ते नसतील तर अ‍ॅक्सेस डिनाइड असा स्वच्छ लाल मजकूर येतो. हे छोटं वाटेल, पण याच बाबतीत डब्ल्यूएमआय (विंडोजची माहिती घेण्याची आणि हुकूम देण्याची आतली यंत्रणा) कसं फसवतं ते पुढे येईलच.

पहिला खड्डा कन्फर्मचा. डिसेबल-नेटअ‍ॅडॅप्टर दरवेळी ‘खरंच करू का?’ विचारतं. समोर बसून चालवताना ठीक. पण तीच ओळ टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) टाकली की उत्तर द्यायला कोणीच नसतं. टास्क एकतर लटकतो किंवा चुकतो, आणि कार्ड मात्र चालूच. म्हणून ओळीच्या शेवटी कन्फर्म, कोलन, डॉलर-फॉल्स (-Confirm:$false) हे लावायचंच. आधी कोरडी तालीम हवी असेल तर व्हॉटइफ लावा. कोणत्या कार्डाला हात लागणार ते सांगतं, लावत नाही.

दुसरा खड्डा नावाचा, आणि तो जास्त खोल आहे. नमुन्यांमध्ये सगळीकडे नाव ‘इथरनेट’ असं धरलेलं असतं. विंडोज ७ पर्यंत हेच नाव ‘लोकल एरिया कनेक्शन’ होतं, शिवाय ते कोणीही दोन क्लिकमध्ये बदलू शकतं. सगळ्यात जास्त त्रास यूएसबी-लॅन डोंगलचा. ज्या डोंगलमध्ये सिरियल नंबर भरलेला नसतो तो दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की विंडोज त्याला नवं कार्ड समजतं, आणि ‘इथरनेट २’ चं ‘इथरनेट ३’ होऊन बसतं. स्क्रिप्ट मग नसलेल्या कार्डाला शोधत राहते. उपाय असा की नाव सोडून द्या आणि मॅक पत्त्यावरून, म्हणजे कार्डाच्या हार्डवेअर पत्त्यावरून, कार्ड पकडा. गेट-नेटअ‍ॅडॅप्टरच्या यादीतून पर्मनंट-अ‍ॅड्रेस जुळणारं कार्ड निवडायचं आणि पाइपने (एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देणारं चिन्ह) थेट डिसेबलकडे द्यायचं. नुसता मॅक-अ‍ॅड्रेस न घेता पर्मनंट घ्यायचा, कारण पहिला सेटिंगमधून बदलता येतो. वाय-फायला रँडम पत्ता चालू असेल तर तो तसाही भरवशाचा नाही. कार्ड मशीनमध्येच पक्कं बसलेलं असेल तर इंटरफेस-जीयूआयडीही (विंडोजने कार्डाला दिलेला ओळख-क्रमांक) चालतो. डोंगलला मात्र चालत नाही. नवं कार्ड समजलं गेलं की जीयूआयडीही नवा मिळतो.

तिसरा खड्डा ‘सगळी बंद, मग सगळी चालू’ या पद्धतीचा. यादी सरळ पाइप करून सगळं बंद केलं तर त्यात व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली कार्ड, व्हीपीएनचं कार्ड, हायपर-व्हीचं व्ही-इथरनेट सगळं जातं. आणि परत चालू करताना, कोणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलेलं कार्डसुद्धा जागं होतं. म्हणून आधी फिजिकल हा स्विच लावून फक्त खरी कार्डं घ्या, त्यातली स्टेटस ‘अप’ असलेली निवडा, त्यांचे पर्मनंट पत्ते एका फाइलमध्ये लिहा, आणि चालू करताना तेवढीच चालू करा. फाइल हवीच, नुसतं व्हेरिएबल पुरत नाही. डिसेबल रीस्टार्टनंतरही टिकतं; मधेच वीज गेली तर स्क्रिप्टची स्मरणशक्ती गेलेली असते, पण कार्ड बंदच असतं. ट्राय-फायनली घातलं असलं तरी टास्क मॅनेजरमधून प्रोसेस मारली की फायनलीचा भाग चालत नाही. मशीन सुरू होताना ती फाइल बघून कार्डं चालू करणारा एक स्टार्टअप टास्क ठेवला की हा प्रश्न मिटतो.

आता मॉड्यूलचा खरा दोष. एनेबल-नेटअ‍ॅडॅप्टर कार्ड उठवून लगेच परत येतं, पण नेट तेव्हा आलेलं नसतं. केबलची लिंक जुळायला काही सेकंद लागतात, मग डीएचसीपीकडून (पत्ते वाटणारी सेवा) आयपी, मग तोच पत्ता दुसऱ्या कोणाकडे नाही ना याची तपासणी. पुढच्याच ओळीत फाइल कॉपी किंवा डेटाबेस कनेक्शन असेल तर ते हमखास पडतं. बरेच जण इथे स्लीप दहा टाकतात. एका मशीनवर ते चालतं, दुसऱ्यावर नाही. पोर्टफास्ट नसलेल्या मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्रीमुळेच (नेटवर्कमध्ये वळसा होऊ नये म्हणूनची तपासणी; पोर्टफास्ट ती वाट बघणं वाचवतं) तीस सेकंद जातात. बरोबर पद्धत थांबून विचारण्याची आहे: दर सेकंदाला स्टेटस बघा, ‘अप’ झालं की गेट-नेटआयपीअ‍ॅड्रेसने त्या कार्डाचा आयपीव्ही४ पत्ता बघा, अ‍ॅड्रेस-स्टेट ‘प्रिफर्ड’ असेल आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत नसेल तरच पुढे जा. साठ सेकंदांची मर्यादा घाला, त्यानंतर सरळ चूक म्हणून बाहेर पडा. ‘टेंटेटिव्ह’ म्हणजे तपासणी चालू आहे, ‘डुप्लिकेट’ म्हणजे पत्त्याची टक्कर. १६९.२५४ म्हणजे डीएचसीपीने उत्तरच दिलं नाही. तेव्हा नुसतं थांबणं बहुधा पालथ्या घड्यावर पाणी. एवढं सगळं मॉड्यूलने ‘वेट’ नावाच्या एका स्विचमध्ये द्यायला हवं होतं. दिलेलं नाही, हा मी गुण कापण्याजोगा दोष मानतो.

नेटश हे जुनं खोड. नेटश इंटरफेस सेट इंटरफेस, मग नेम बरोबर कार्डाचं नाव, मग अ‍ॅडमिन बरोबर डिसेबल्ड किंवा एनेबल्ड. बॅच फाइलमध्ये एका ओळीत काम होतं, पॉवरशेल उघडायला लागणारा वेळ वाचतो, कन्फर्म विचारत नाही. घरच्या पीसीवर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने लॅन बंद-चालू करायचं असेल तर हे पुरेसं आहे. शॉर्टकटच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची खूण तेवढी करा. पण नेटशला नावाखेरीज कार्डाची मजबूत ओळख कळत नाही, म्हणजे वरचा दुसरा खड्डा इथे कायमचा. आणि त्याचा आउटपुट माणसाने वाचायचा मजकूर आहे. तो तोडून त्यातून स्थिती काढणारा कोड विंडोजची भाषा बदलली की मोडतो.

मराठी माणसासाठी इथे एक खास अडचण आहे. ऑफिसात कार्डाचं नाव कौतुकाने देवनागरीत ‘बँकेची लाइन’ असं ठेवलेलं असतं, आणि बॅच फाइलमध्ये तेच नाव टाकलं की नेटश म्हणतं, असं कार्डच नाही. कारण कमांड प्रॉम्प्ट फाइल वाचताना जुनं कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता) धरतो, आणि त्या कोडपेजांमध्ये देवनागरीला जागाच नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून वरती सीएचसीपी ६५००१ ही ओळ टाकली की सुटतं. मात्र इथे बॉम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नको, नाहीतर पहिली ओळच अडखळते. पॉवरशेल ५.१ ची गंमत बरोबर उलटी. तिथे यूटीएफ-८ फाइलला बॉम नसेल तर मजकूर एएनएसआय, म्हणजे जुन्या कोडपेजातला, समजून वाचला जातो आणि नावाचा कचरा होतो, म्हणून बॉमसकट सेव्ह करायचं. पॉवरशेल ७ मुळातच यूटीएफ-८ धरतं, तिथे काही करावं लागत नाही. मॅक पत्त्यावरून कार्ड पकडलं तर यातलं काहीच आडवं येत नाही.

सी-शार्पवाले बहुधा डब्ल्यूएमआयकडे वळतात: विन३२-नेटवर्कअ‍ॅडॅप्टर या क्लासवर डिसेबल आणि एनेबल या मेथड आहेत, व्हिस्टापासून. चालतात. पण मायक्रोसॉफ्टने हा क्लास कालबाह्य ठरवून एमएसएफटी-नेटअ‍ॅडॅप्टर वापरा असं सांगितलंय, आणि नेटअ‍ॅडॅप्टर मॉड्यूलच्या पोटात तेच आहे. विन३२ क्लासची फसवी खोड अशी की अ‍ॅडमिन हक्क नसले तर मेथड एक्सेप्शन फेकत नाही, रिटर्न व्हॅल्यू ५ देते. इन्व्होक-मेथडचं उत्तर कोणी बघतच नाही, त्यामुळे प्रोग्राम ‘झालं’ म्हणतो आणि कार्ड ढिम्म. शून्य आलं तरच यश धरा, आणि प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (त्याला कोणते हक्क हवेत ते सांगणारी फाइल) रिक्वायर-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर टाका. डॉटनेटच्या नव्या आवृत्त्यांत सिस्टिम-मॅनेजमेंट वेगळं पॅकेज म्हणून नुगेट या पॅकेज-भांडारावरून घ्यावं लागतं. डब्ल्यूएमआयसी ही डब्ल्यूएमआयची कमांड मात्र विसरा. विंडोज १० मध्येच तिला निवृत्तीची नोटीस मिळाली होती, विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांवर ती बसवलेलीच नसते.

डॉटनेटच्या नेटवर्क-इंटरफेस क्लासवर भिस्त ठेवणारेही हमखास अडकतात. त्यात बंद-चालूची सोयच नाही, फक्त माहिती मिळते. आणि डिसेबल केलेलं कार्ड त्याच्या यादीतून गायब होतं. म्हणजे बंद करण्यापूर्वी यादीत होतं, आता चालू करायला शोधावं तर नाही. गेट-नेटअ‍ॅडॅप्टर आणि विन३२ दोन्ही बंद कार्ड दाखवत राहतात, तेव्हा शोध तिथेच घ्यायचा.

पीएनपीयुटिल या विंडोजच्या डिव्हाइस सांभाळणाऱ्या कमांडचा उल्लेख करायला हवा, कारण अडेलतट्टू ड्रायव्हरपुढे कधीकधी तेच चालतं. विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून त्यात डिसेबल-डिव्हाइस, एनेबल-डिव्हाइस आणि रीस्टार्ट-डिव्हाइस आहेत. कार्डाचा इन्स्टन्स आयडी द्यावा लागतो. त्यात अँडचं चिन्ह असतं, म्हणून तो अवतरणात टाकला नाही तर कमांड प्रॉम्प्ट ओळीचे दोन तुकडे करतो. ३०१० हा कोड परत आला तर काम झालंय, पण रीस्टार्ट हवा. एवढं सोडलं तर रोजच्या वापराला हे नको.

लॅपटॉपचं नुसतं वाय-फाय किंवा ब्लूटूथ बंद करायचं असेल तर विंडोजचा रेडिओ एपीआय सगळ्यात सभ्य. रेडिओंची यादी घ्या, काइंड वाय-फाय असलेला निवडा, सेट-स्टेट-असिंकने ऑफ करा. अ‍ॅडमिन लागत नाही, आणि वापरणाऱ्याला ते नेहमीच्या बटणावरून परत चालूही करता येतं. फक्त परवानगीची विनंती यूआय थ्रेडवरून करायची, आणि प्रोग्राम ६४-बिट विंडोजसाठी ६४-बिटच बांधायचा. ३२-बिट बांधला तर यादी रिकामी येते आणि चूक कुठे आहे ते कळत नाही.

बऱ्याच जणांना कोड हवा असतो तो ‘केबल लावली की वाय-फाय आपोआप बंद’ यासाठी. त्याला कोड लागतच नाही. ग्रुप पॉलिसीत नेटवर्कखाली विंडोज कनेक्शन मॅनेजरमध्ये एकाच वेळच्या कनेक्शनांची संख्या कमी ठेवण्याची पॉलिसी आहे. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत तिला ३ ही किंमत दिली की इथरनेट असताना वाय-फाय जोडलंच जात नाही. लोक यासाठी इव्हेंट-ट्रिगरवरचे टास्क रचत बसतात, आणि डॉक काढला की वाय-फाय परत न आल्याच्या तक्रारी झेलतात.

दूरच्या मशीनवर हे करणं म्हणजे बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. डिसेबल-नेटअ‍ॅडॅप्टरला सिम-सेशन (दूरच्या मशीनशी जोडणी) देऊन दुसऱ्या पीसीचं कार्ड बंद करता येतं. पण उत्तर परत यायच्या आत रस्ता तुटतो, म्हणून काम होऊनही लाल चूक दिसते, आणि चालू करण्याचा हुकूम तर पोचणारच नसतो. क्रम असा ठेवा: आधी त्याच मशीनवर दहा मिनिटांनी चालणारा, सिस्टिम खात्याचा, कार्ड चालू करणारा टास्क नोंदवा. तो एकदा हाताने चालवून बघा. चालू कार्डाला परत चालू केल्याने काही बिघडत नाही. मग कार्ड बंद करणारी स्क्रिप्टही टास्क म्हणूनच सोडा, स्वतःच्या सेशनमधून नको. सगळं जागेवर आल्यावर तो राखीव टास्क काढा. लॅपटॉप असेल तर इथे एक छुपा सापळा आहे: नवा टास्क मुळात ‘फक्त चार्जर लावलेला असेल तरच सुरू करा’ अशा अटीसह बनतो. बॅटरीवर चाललेल्या मशीनवर तुमचा राखीव टास्क शांतपणे झोपून राहील. अलाउ-स्टार्ट-इफ-ऑन-बॅटरीज ही सेटिंग देऊनच तो नोंदवा. कार्ड नुसतं हलवून जागं करायचं असेल तर रीस्टार्ट-नेटअ‍ॅडॅप्टर बरं. रिमोट डेस्कटॉप क्षणभर तुटतो आणि परत जोडला जातो, कारण आज्ञा त्या मशीनवरच पूर्ण होते.

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या वेळी इंटरनेट बंद ठेवण्यासाठीही हेच मॉड्यूल सुचवलं जातं. ते चुकीचं हत्यार आहे. कार्ड बंद केलं की इंटरनेटबरोबर लॅबचा सर्व्हर, प्रिंटर, विद्यार्थ्यांच्या फाइलींचं शेअर फोल्डर सगळंच जातं. शिवाय पोरं फोनचं हॉटस्पॉट यूएसबीने जोडतात, ते नवं कार्ड म्हणून येतं आणि तुमच्या यादीत नसतंच. तिथे न्यू-नेटफायरवॉलरूलने बाहेर जाणारी वाट अडवणारा नियम लावायचा, लॅबच्या नेटवर्कचे पत्ते वगळून. नियम सगळ्या कार्डांना लागू होतो, नव्याने जोडलेल्यालासुद्धा. परीक्षा संपली की तेवढा एक नियम काढायचा.

लिनक्सचं एनएमसीएलआय (नेटवर्क सांभाळणाऱ्या नेटवर्क-मॅनेजरची कमांड) बघितलं की विंडोजच्या मॉड्यूलमध्ये काय कमी आहे ते कळतं. थांबण्याची सोय आत आहे: कनेक्शन अप नव्वद सेकंद वाट बघतं, डाउन दहा, आणि वेट देऊन ती मुदत बदलता येते. बाहेर पडताना आकडा नेमका देतं: ३ म्हणजे वेळ संपली, ४ म्हणजे कनेक्शन उभं राहिलं नाही, ८ म्हणजे नेटवर्क-मॅनेजरच चालू नाही, १० म्हणजे असं कनेक्शन किंवा कार्डच नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला याहून जास्त काही नको असतं. गफलत होते ती शब्द निवडताना. कनेक्शन डाउन फक्त ते प्रोफाइल सोडतं, त्यामुळे त्याच कार्डावर दुसरं प्रोफाइल आपोआप चढू शकतं. कार्ड खरंच मोकळं ठेवायचं असेल तर डिव्हाइस डिस्कनेक्ट हवं. नेटवर्क-मॅनेजर कारभार बघत असताना आयपी लिंक सेट डाउन वापरणं म्हणजे दोघांना एकाच वेळी स्टिअरिंग देणं, ते टाळा.

आणि एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑफ जपून. ती अवस्था नेटवर्क-मॅनेजर आपल्या स्टेट फाइलमध्ये, वार-लिबखालच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, लिहून ठेवतो. म्हणून मशीन कितीदा रीस्टार्ट केलं तरी नेट येत नाही, आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो. अशा वेळी आधी नुसतं एनएमसीएलआय नेटवर्किंग विचारा. उत्तर ‘डिसेबल्ड’ आलं तर एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन एवढंच करायचं असतं.